बंदी बाटलीवर, जंतू जाळीमागे

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून जेल नेलपॉलिशमधील टीपीओ या द्रव्यास मनाई केल्याची वार्ता एव्हाना सर्वांच्या वाचनात आलेली आहे. आणि ती ऐन लग्नसराईत वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक रकान्यांतून, व त्याहूनही अधिक वेगाने मोबाइलवरून, फिरत राहिल्यामुळे नेल सलूनमध्ये पाऊल टाकणारी सुशिक्षित गिऱ्हाइके आता खुर्चीवर बसण्यापूर्वी बाटली उलटीपालटी करून तिच्यावरील बारीक अक्षरांतला मजकूर तपासू लागली आहेत. ही जिज्ञासा स्तुत्यच आहे. परंतु बाटलीचा दाखला मागणारी हीच मंडळी, ज्या टबात पुढील अर्धा तास पाय बुडवून बसावयाचे तो टब आधीच्या गिऱ्हाइकानंतर कोणी, कशाने आणि किती वेळ धुतला, याची विचारपूस सहसा करीत नाहीत. आणि नखांच्या या व्यवसायातील जे अनर्थ वैद्यकीय दप्तरांत नोंदले गेले आहेत, त्यांतील सर्वांत बोधप्रद अनर्थ टबातूनच उद्भवला होता.

बंदीविषयी आधी थोडेसे. टीपीओचे कार्य एवढेच की, दिव्याचा प्रकाश शोषून त्याने स्वतः भंग पावावे आणि त्या भंगातून निघालेल्या चंचल कणांनी बाटलीतील सुट्या रेणूंची साखळी जुळवून द्यावी. लेप मिनिटभरात टणक होतो तो याच्यामुळे. प्राण्यांना हे द्रव्य पोटातून देऊन केलेल्या प्रयोगांत प्रजननक्षमतेवर अनिष्ट परिणाम आढळले, त्यावरून युरोपच्या यादीत त्याची गणना प्रजननास घातक द्रव्यांत झाली, आणि तेथील कायद्याचा शिरस्ता असा की, या वर्गात एकदा नाव दाखल झाले आणि कोणी सवलतीचा अर्ज करून ती पदरात पाडून घेतली नसली, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांतून त्या द्रव्याचे उच्चाटन आपोआप व्हावयाचे. पूर्वी व्यावसायिकांना ५ टक्क्यांपर्यंत त्याच्या वापराची मुभा होती; आता शिल्लक मालाचीही गय नाही. नखे रंगवून घेणाऱ्या स्त्रियांना अपाय झाल्याचे सिद्ध झाले म्हणून हे फर्मान सुटले, अशी जी समजूत सर्वत्र पसरली आहे ती निराधार आहे. फर्मान सुटले ते खबरदारीच्या तत्त्वावर, आणि पर्यायी द्रव्ये हाताशी असताना ते योग्यच होते.

ज्यांना बाटलीचीच धास्ती बाळगावयाची असेल त्यांनी ती हेमा या सात्त्विक नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याविषयी बाळगावी. लेप अर्धवट सुकला, अथवा नखाबाहेर ओघळून त्वचेस लागला, तर या वर्गातील लहान रेणू त्वचेत शिरतात. आणि शरीराने एकदा त्यांच्याशी वैर धरले की ते बहुधा आयुष्यभर टिकते. हे वैर नखांपुरते राहिले असते तर नेलपॉलिश सोडून भागले असते, परंतु याच कुळातील द्रव्ये दाताच्या भरणात आणि कृत्रिम सांधा बसवताना वापरल्या जाणाऱ्या सिमेंटमध्येही असतात, म्हणून पंचविशीत हौसेपोटी जडलेली अॅलर्जी साठीत अस्थिशल्यविशारदापुढे आडवी येऊ शकते. युरोपने २०२१ पासून हेमायुक्त लेप व्यावसायिकांच्याच हाती ठेवावयाचे ठरवले ते याच कारणास्तव; आणि आपल्याकडे घरपोच मागवता येणारे जेलचे संच, ज्यांतला दिवा दुबळा आणि हात नवशिके, ते माझ्या मते सलूनपेक्षा अधिक धोक्याचे आहेत. दिव्याच्या अतिनील किरणांविषयीही पुष्कळ लिहिले जाते. बोटांची टोके उघडी राखणारे हातमोजे घालावेत, यापलीकडे त्या विषयात सध्या गुंतण्याचे प्रयोजन नाही.

आता टबाकडे वळू. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर, सांताक्रूझ परगण्यात, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांनी वेढलेले वॉटसनव्हिल नावाचे एक गाव आहे. सप्टेंबर २००० मध्ये त्या भागातील एका डॉक्टरांच्या ध्यानात आले की, आपल्याकडे आलेल्या चार रुग्णांच्या गुडघ्याखाली केसतोडासारखी गळवे उठली आहेत, ती भरून येत नाहीत, आणि पू तपासावयास पाठवला तर प्रयोगशाळेच्या नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी औषध बदलून दिले असते आणि प्रकरण तेथेच संपले असते. या गृहस्थांनी मात्र चौघांची झडती घेतली आणि चौघांनीही एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर करून घेतल्याचे निष्पन्न होताच आरोग्यखात्यास वर्दी दिली. रोगांच्या साथींचा इतिहास पाहिला तर शास्त्राची मोठी उडी पुष्कळदा अशाच एखाद्या चौकस माणसाच्या कंटाळवाण्या प्रश्नांवर उभी असलेली दिसते.

डॉ. केव्हिन विन्थ्रॉप आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला तपास २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो एखाद्या उत्तम पोलीस पंचनाम्याच्या तोडीचा आहे. चारांचे ११० निघाले. कोणाच्या पायावर एकच गळू, तर कोणाच्या पायावर ३७. चौतीस रुग्णांच्या नमुन्यांतून मायकोबॅक्टेरियम वंशातले जंतू उगवले, आणि त्यांतील ३२ नमुन्यांत मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम ही एकच जात होती. सलूनमधील दहाच्या दहा टबांत तोच जंतू सापडला. आणि जनुकीय ठसे ताडून पाहता तीन टबांतील व चौदा रुग्णांतील जंतू परस्परांपासून वेगळे ओळखता येईनात. आरोपीची रुजुवात याहून पक्की कोणत्या न्यायालयात होते?

मुद्देमाल सापडला तो जाळीमागे. या आरामशीर खुर्च्यांच्या टबात पाणी खळखळत राहावे म्हणून एक पंप ते आत ओढून पुन्हा बाहेर फेकीत असतो, आणि जेथून पाणी ओढले जाते तेथे एक जाळी बसवलेली असते. त्या जाळीच्या पलीकडे मागल्या गिऱ्हाइकांचे केस आणि पायांवरून निघालेल्या मृत त्वचेचा चुरा साचून राहिला होता. कोमट पाणी, भरपूर अन्न आणि कोणाची दृष्टी पडणार नाही अशी जागा, एवढे मिळाल्यावर जंतूस आणखी काय हवे? क्षय आणि कुष्ठ यांच्या जंतूंच्या गोत्रातला हा जंतू; त्याच्या अंगावर मेणासारखे कवच असल्याने नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यास सहज पचते, आणि निरोगी त्वचेच्या वाटेस तो सहसा जात नाही. त्यास दार उघडून दिले वस्तऱ्याने. बाधितांपैकी ७० टक्के व्यक्तींनी पेडिक्युअरपूर्वी पायांवरील केस वस्तऱ्याने काढले होते, बाधा न झालेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. नीटनेटके दिसावे म्हणून घरून तयारी करून गेलेल्या स्त्रियाच अधिक प्रमाणात या जंतूच्या तावडीत सापडल्या, यातला विपर्यास माझ्या मनातून जात नाही.

कॅलिफोर्निया राज्याने त्यानंतर जे नियम जारी केले ते असे: प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पाणी सोडून द्यावे, टब साबणाने घासून विसळावा, रुग्णालयात चालणाऱ्या प्रतीचे जंतुनाशक पाण्यात घालून पंप चालू ठेवून किमान १० मिनिटे फिरवावे, दिवसाअखेर जाळी काढून मागला मळ साफ करावा, आणि या सर्वांची नोंदवही ठेवावी. जाबता उत्तम होता. तरीही २००४ मध्ये शेजारच्या सांता क्लारा परगण्यात पेडिक्युअरच्या टबांतून मायकोबॅक्टेरियाची साथ पुन्हा उद्भवली, आणि तिचे कारण शोधावयास सूक्ष्मदर्शकाची आवश्यकता नाही. जंतुनाशक आपले काम घाईने करीत नाही. त्यास त्याची मुदत द्यावी लागते. शनिवारी संध्याकाळी बाहेर चार गिऱ्हाइके घड्याळाकडे पाहत ताटकळत असताना, रिकामी खुर्ची दहा मिनिटे तशीच ठेवणे म्हणजे मालकिणीच्या दृष्टीने भाड्याच्या जागेत दहा मिनिटे पैसे जाळणे होय. आणि गिऱ्हाईकही असे की, स्वच्छतेसाठी थांबावयास सांगितले तर पलीकडच्या दुकानात जाते.

येथे माझा एक लाडका सिद्धांत मांडण्याची परवानगी असावी. गल्लीतल्या ब्यूटी पार्लरमध्ये पाय बुडवण्यासाठी जे साधे प्लास्टिकचे घमेले पुढे सरकवले जाते, आणि जे पाहून मॉलमध्ये जाणाऱ्या स्त्रिया नाक मुरडतात, ते त्या सिंहासनवजा खुर्चीपेक्षा आरोग्यदृष्ट्या उजवे ठरू शकते. कारण त्यास नळी नाही, पंप नाही, जाळी नाही, आणि त्याचा प्रत्येक कोपरा हाताने घासता येतो. अट एकच, ते खरोखर घासले गेले पाहिजे आणि त्यानंतर जंतुनाशक भरून तेवढीच मिनिटे ठेवले पाहिजे. कोमट पाण्यात शांपू आणि जंतुनाशकाचे दोन थेंब टाकून जो सुगंध निर्माण केला जातो, तो सुगंधच होय.

हत्यारांची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. न्हावी धोकटीतून नराणी काढून अंगणात बसून नखे काढीत असे, तेव्हा गिऱ्हाईक ओळखीचे आणि हत्यार साधे असे. आज एका टेबलावर दिवसभरात अनोळखी बोटांची रांग लागते, आणि हिपॅटायटिस-बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस तग धरतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास रक्ताचा न दिसणारा ठिपकाही क्षुल्लक वाटणार नाही. मळकट कात्री तशीच निळ्या द्रावणात बुडवल्याने काही साधत नाही. आधी घासणे, मग बुडवणे, आणि बुडवल्यावर ठरलेला वेळ थांबणे, हा क्रम मोडला की सारे व्यर्थ. जांभळा दिवा लावलेल्या ज्या पेटीतून चिमटा मोठ्या समारंभाने बाहेर काढला जातो, ती पेटी स्वच्छ केलेले हत्यार ठेवण्यास बरी; निर्जंतुक करण्याचे काम ऑटोक्लेव्हचे, म्हणजे स्वयंपाकघरातील कुकरच्या थोरल्या भावाचे, जो दाबाखालील वाफ १२१ अंशांवर नेऊन जंतूंचे बीजही शिल्लक ठेवीत नाही. लाकडी काडी आणि कागदी कानस यांना तर कोणताच उपाय नाही. त्या सच्छिद्र असतात, एकदा वापरून टाकाव्यात किंवा गिऱ्हाइकाच्या हाती द्याव्यात. नखाच्या मुळाशी असलेली त्वचेची झालर कापून टाकण्याचा आग्रह तर सर्वस्वी अडाणीपणाचा आहे. ती झालर म्हणजे नख आणि मांस यांमधील मोहोर होय, आणि ती फोडली की नखुरड्यास आमंत्रण मिळते. पायाच्या नखास बुरशी लागली तर वर्षभराची निश्चिंती, कारण ते नख पुरते नवे येण्यास बारा ते अठरा महिने लागतात.

या साऱ्यात टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मुलीचा विचार क्वचितच होतो. अमेरिकेत हा धंदा मोठ्या प्रमाणात व्हिएतनामी स्त्रियांच्या हाती गेला, त्याचा उगम १९७५ मध्ये टिप्पी हेड्रन या चित्रपटतारकेने सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत वीस स्त्रियांना नखांची कला शिकवण्याची तजवीज केली, तेथे सांगितला जातो. आपल्या शहरांत ईशान्येकडील राज्यांतून पोट भरण्यासाठी आलेल्या अनेक मुली हे काम करतात. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा तो वास सहन करते, ती दिवसभर करते. कानशीतून उडणारी धूळ आणि अॅसिटोनची वाफ यांपैकी दुसरीस तोंडावरचा कागदी मुखपट्टा मुळीच अडवीत नाही. टेबलापाशीच हवा ओढून घेणारा पंखा आणि वेळोवेळी बदललेले नायट्राइलचे हातमोजे, एवढा बंदोबस्त करावयास फार मोठे भांडवल लागत नाही.

सरकारी अंमलाविषयी बोलावयाचे तर, आपले २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम उत्पादन, आयात आणि विक्री यांवर देखरेख करतात; म्हणजे कायद्याची नजर बाटलीबरोबर दुकानाच्या दारापर्यंत येते आणि उंबऱ्यावर थबकते. कॅलिफोर्नियात नखांचे काम करण्यास ४०० तासांचे शिक्षण आणि परवाना लागतो. आपल्याकडे आयटीआयमध्ये सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक्रम आहे, पण तो न करता कोणी दुकान थाटले तर त्यास परवाना-परीक्षेची आडकाठी नाही. शासनाने ती आणावी, असे माझे मत आहे. मात्र तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही, कारण एड्सविषयीच्या प्रचारानंतर आपल्या केशकर्तनालयांत प्रत्येक गिऱ्हाइकास नवे अर्धे ब्लेड लावण्याची जी रीत पडली ती पुरुष गिऱ्हाइकांनी ‘ब्लेड नवं लावा’ असे तोंडाने सांगावयास आरंभ केल्यामुळेही पडली.

तेव्हा या लग्नसराईत पेडिक्युअरची वेळ ठरवताना टब धुण्याची दहा मिनिटे तीत धरली आहेत का, ते विचारा, आणि ती धरल्याबद्दल चार पैसे अधिक मागितले तर घासाघीस करू नका. आदल्या दिवशी व त्या दिवशी पायांवर वस्तरा फिरवू नका, चिखल्या किंवा जखम असेल तर बेत पुढे ढकला. आणि त्यानंतर गुडघ्याखाली उठलेले गळू दोन आठवड्यांत बरे झाले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पेडिक्युअरची तारीख न विचारताच सांगा, म्हणजे ते पू मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरसाठी पाठवतील; नेहमीच्या कल्चरमध्ये हा जंतू सहसा सापडत नाही.