बांधून घेण्याआधी

बाइंडिंग म्हटले की बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला जाडजूड पुठ्ठ्यांची लेजर आठवतात, आणि लेखकाला पुस्तकाची शिवण. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात वाढणाऱ्या माझ्या नातवाला मात्र या शब्दासरशी बर्फाचा डोंगर दिसतो. स्नोबोर्ड नावाच्या फळीवर दोन्ही पाय आडवे रोवून ही मुले उतारावरून घसरत येतात. बूट त्या फळीला जखडून ठेवणारी खोबण म्हणजे बाइंडिंग. गेल्या हिवाळ्यात मी लेकीकडे होतो, तेव्हा या चौदा वर्षांच्या गृहस्थांना नवी जोडी घ्यायची होती.

गंमत अशी, की या खेळात सुरुवातीला पाय बांधलेलेच नव्हते. १९६५ साली मिशिगनमधील शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. पुढे त्या फळीच्या टोकाला दोरी आली. ती धरायची आणि तोल सांभाळायचा. जेक बर्टन कारपेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँटमध्येच फळ्या बनवण्याचा उद्योग काढला. १९७९ च्या एका स्पर्धेत ते पाय अडकवायची सोय असलेली फळी घेऊन उतरले, तेव्हा इतरांनी हरकत घेतली. अखेर वेगळा गट करावा लागला. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला, तो पाय बांधूनच.

दुकानात लेकीने पहिलाच प्रश्न विचारला, ''पडल्यावर हे आपोआप सुटते ना?'' विक्रेत्याने मान हलवली. स्कीचे बाइंडिंग ठरावीक ताण आला की बूट सोडून देते. स्नोबोर्डचे सुटत नाही. एकच पाय सुटला, तर फळीचा सारा पीळ दुसऱ्या पायावर येईल. दोन्ही पाय एकत्र राहण्यातच त्यांची सुरक्षितता! लेकीचा चेहरा उतरला. आईच्या मनाला असले उत्तर सहजासहजी पटत नाही.

नातवाची नजर सर्वांत ताठ जोडीवर होती. त्याचा शर्यतीत उतरणारा मित्र तीच वापरतो. पण ताठ बाइंडिंग पायाची बारीकशी हालचालही फळीला लगेच कळवते. वेगात, उभ्या उतारावर ते हवेच. शिकणाऱ्याची चूकही मात्र तितक्याच तत्परतेने पोहोचते. लवचीक बाइंडिंग थोडे सांभाळून घेते. काही प्रकारांत बूट दाबला की खटकन बसतो, पण त्यासाठी त्याच पद्धतीचे बूट लागतात. म्हणून आपले बूट सोबत नेऊनच निवड करावी: टाच मागे नीट टेकते का, पट्टे बुटाच्या मध्यावर येतात का, आणि स्क्रू आपल्या फळीच्या भोकांना जुळतात का, हे पाहावे.

अखेरीस मधल्या ताठपणाची, पट्ट्यांची एक जोडी पसंत पडली. मग लेकीने पर्समधून नातवाचे जाड हातमोजे काढले. ''हे घाल, आडवा हो, आणि दोन्ही पाय सोडवून दाखव.'' भर दुकानात! तो लाजला. पण त्या मागणीत अर्थ होता. झाडांच्या बुंध्यांभोवती भुसभुशीत बर्फाचे खड्डे असतात. त्यात डोके खाली, पाय वर असे पडले, तर स्वतःची सुटका स्वतःलाच करावी लागू शकते.

बँकेत कर्ज मागायला येणारे बहुतेक लोक व्याजाचा दर विचारत. मुदतीआधी फेडता येईल का, हे विचारणारे थोडे. मला त्यांच्याविषयी नेहमीच आदर वाटे. माझी लेक त्यांतलीच निघाली.

पहिल्या जोडीची कडी मोजे घातलेल्या बोटांना उचलेना. ती परत ठेवली. दुसरीची कडी रुंद होती. दोन्ही पाय चटकन मोकळे झाले. शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसून साठवलेले पैसे नातवाने मोजून दिले. उरलेल्या रकमेसाठी त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी पाकीट काढले.