झिंग्याचे खाणे आणि धंद्याचा हिशेब

माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, अलीकडे शेततळीही झाली. त्या तळ्यांत झिंगे सोडू म्हणणारे तरुण आमच्या कापडाच्या पेढीवर भागीदारीची बोलणी घेऊन येतात. आम्ही त्यांना एकच सवाल करतो, हा जीव खातो काय? कारण या धंद्यात साधारण निम्मा खर्च खाद्याचाच आहे.

गोड्या पाण्यातला मोठा झिंगा सर्वभक्षी आहे. शेवाळ, किडे, गोगलगाई, अळ्या, दाणे, मेलेली मासळी, त्याला सारे चालते. दिवसा तो तळाशी दडतो, अंधार पडला की फिरतो. म्हणून खाद्याचा मोठा हिस्सा मगरिबच्या सुमारास टाकावा. मिशांनी चाचपत, नांगीने उचलून, कुरतडत तो सावकाश खातो. लगेच विरघळणारी पेंड टाकली तर पैसाही जातो आणि पाणीही नासते. शेंगदाणा पेंड, कोंडा व सुकटीची भुकटी शिजवून घट्ट गोळी करावी, किंवा तयार गोळी घ्यावी. जाळीच्या तबकात थोडे खाद्य ठेवून दोन तासांनी पाहावे. उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी टाकावे. पहाटे झिंगे काठाला जमले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला असे समजावे.

भुकेला झिंगा भावालाही सोडत नाही! वाढताना तो कवच टाकतो, अंग मऊ पडते, तेव्हाच इतर त्याला खातात. तळात कौले, पाइपचे तुकडे, फांद्या टाकून आडोसा करावा. सोबत कटला, रोहू चालतात. तळाशी चरणारा सायप्रिनस मात्र नको, तो याच्या ताटात हात घालतो.

पिल्लांना जन्मानंतर काही आठवडे निमखारे पाणी लागते. मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी १९६१ च्या सुमारास हे शोधले, तेव्हापासून ही शेती शक्य झाली. आपल्याकडे त्यामुळे बीज बाहेरूनच आणावे लागणार, आणि खरा धोका तिथेच आहे. आंध्रात नेल्लोरकडे या धंद्याची मोठी लाट आली होती. २००१ च्या सुमारास शेपटी पांढरी पडणाऱ्या विषाणूरोगाने बीज मरू लागले, पुढे कित्येकांनी हा झिंगा सोडला. म्हणून तपासलेलेच बीज घ्यावे. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ संस्थेने सुधारित वाणही काढला आहे.

आपला उन्हाळा कडक. पाणी ३५ अंशांवर गेले की झिंगा तग धरत नाही, थंडीत वाढ खुंटते. जूनमध्ये सोडून सहा-सात महिन्यांत काढावा. कालव्याचे आवर्तन लांबले तर पाणी कुठून आणणार, हे आधी ठरवावे. विहिरीचे पाणी फार जड असेल तर या फंदात पडू नये.

मसल्याचीही बात आहे. शाफई मसलकात झिंगा हलाल, हनफी उलेमांत मतभेद. आपल्या आलिमांना विचारून मगच पैसा घालावा. पहिल्या वर्षी एकच तळे करावे, आणि रोजच्या खाद्याची वही भागीदारांपैकी एकानेच लिहावी.