भंडाऱ्याच्या तेंदूला 'डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन' हे नाव कुणी दिलं?

उन्हाळा तापला की भंडारा जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे. याच पानांत तंबाखू गुंडाळून बिडी तयार होते.

आता या झाडाची नावं बघा. आपल्याकडे तेंदू किंवा टेंभुर्णी, ओडिशात केंदू, तेलुगूत तुनिकी. मग सगळे एकाच झाडाबद्दल बोलतायत हे ठरवायचं कसं?

यावर तोडगा काढला स्वीडनच्या कार्ल लिनियसने. १७५३ साली आलेल्या 'स्पीशीज प्लँटॅरम' या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव दिलं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. साधारण आडनाव आधी आणि नाव नंतर, तसंच.

ही पद्धत भारतातल्या झाडांना मोठ्या प्रमाणावर लावली विल्यम रॉक्सबर्गने. हा मूळचा स्कॉटलंडचा, ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर होता. पुढे १७९३ मध्ये तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. भारतीय वनस्पतीशास्त्राचा जनक म्हणून त्याला ओळखतात. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १७९५ पासून छापून येऊ लागलं आणि त्यातच तेंदूला शास्त्रीय नाव मिळालं. मेलॅनोझायलॉन म्हणजे ग्रीक भाषेत काळं लाकूड. तेंदूच्या खोडाचा गाभा काळा असतो, म्हणून हे नाव. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात नावापुढे 'रॉक्सब.' लिहिलेलं दिसतं, ते त्याचंच नाव.

पण मोठा माणूस असला तरी नियम सुटत नाही. पळसाचंच घ्या. रॉक्सबर्गच्या पुस्तकात त्याचं नाव होतं ब्युटिया फ्रॉन्डोसा. मात्र फ्रान्सच्या लामार्कने त्याआधीच पळसाला 'मोनोस्पर्मा' म्हटलं होतं, म्हणजे एका बीचा. पळसाच्या शेंगेत खरोखरच एकच बी असते. नियम सांगतो की आधी प्रसिद्ध झालेलं जातीचं नाव टिकतं. म्हणून आज पळस ब्युटिया मोनोस्पर्मा आहे.

अर्जुन वृक्षाचं नशीब वेगळं. त्याच्या टर्मिनालिया अर्जुना या नावात आपलाच शब्द राहिला. रॉक्सबर्ग झाडांची स्थानिक नावंही टिपून ठेवायचा, त्याचा हा फायदा.

या कामात एक बाजू मात्र अंधारात राहिली. रॉक्सबर्गने वनस्पतींची अडीच हजारांवर चित्रं काढून घेतली. ती काढली भारतीय चित्रकारांनी. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत.

झाडाला नाव मिळालं, नाव देणारा अजरामर झाला. पण त्या झाडाचं पान न् पान कागदावर उतरवणारे हात निनावीच राहिले.