घर शोधणारें बालक

‘दत्तक’ हा शब्द उच्चारतांच इतिहासांतील राजघराणीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. १८५३ सालीं झांशीच्या गंगाधररावांनीं मृत्युशय्येवर मुलगा दत्तक घेतला. परंतु लॉर्ड डलहौसीनें तें दत्तक अमान्य करून संस्थान खालसा केलें. १८७५ सालीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा गोपाळराव बडोद्यास दत्तक गेला व सयाजीराव महाराज म्हणून कीर्तीस चढला. दोन्हीं ठिकाणीं गादीस वारस हवा होता, म्हणून मूल शोधलें गेलें. आजच्या दत्तविधानाचा हेतु याच्या उलट आहे : घरासाठीं मूल नव्हे, तर मुलासाठीं घर शोधावयाचें. हा भेद मला माझ्या धाकट्या बहिणीमुळें उमगला. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

पूर्वीच्या हिंदु कायद्यांत सामान्यतः मुलगाच दत्तक घेतां येत असे. १९५६ च्या कायद्यानें मुलगीही घेतां येऊं लागली. ख्रिस्ती, मुसलमान व पारशी कुटुंबांस मात्र १८९० च्या कायद्यान्वयें केवळ पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान होतांच तें संपे. २००० सालच्या बालन्याय कायद्यानें व पुढें २०१५ च्या कायद्यानें सर्व धर्मांच्या कुटुंबांस पूर्ण दत्तविधानाचा मार्ग मोकळा झाला.

आईबाबांनीं मुलगी घेण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हां आजी एवढेंच म्हणाली, “कोणाचें रक्त, कोणाचें गोत्र, कांहीं ठाऊक नाहीं; पुढें जड जाईल.” तरीही केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नांवनोंदणी झाली. समाजसेविका घरीं आल्या. त्यांनीं मिळकत, प्रकृति, शेजार सर्व पाहिलें आणि मलाही बाजूस घेऊन विचारलें, “तुला बहीण आलेली आवडेल ना?” मीं ‘होय’ म्हटलें, परंतु आईचें अर्धें लक्ष तिकडे जाईल, ही भीति मनांत होतीच.

यानंतर प्रतीक्षा सुरू झाली. ती तीन वर्षांहून अधिक लांबली. कारण नांव नोंदविणारीं कुटुंबें पुष्कळ, आणि दत्तक देण्यास कायद्यानें मोकळीं झालेलीं बालकें थोडीं. हौसेनें आणलेला पाळणा दुसऱ्या वर्षीं आईनें माळ्यावर टाकिला. एकदां तिनें त्रासून विलंबाचें कारण विचारलें. समाजसेविका म्हणाल्या, “एखादी माता नाइलाजानें मूल सोडून देते, तेव्हां तिला फेरविचारास दोन महिने मिळतात. तेवढ्या काळांत तिचें मन पालटलें, तर मूल तिचें.” त्या दिवसापासून आईनें तक्रार केली नाहीं. आपल्या प्रतीक्षेंत दुसऱ्या एका आईचेही दिवस आहेत, हें तिला कळलें.

अखेर एका सायंकाळीं बाळाचें छायाचित्र व वैद्यकीय अहवाल आला. बाळ आपल्यासाठीं राखून ठेवण्यास अठ्ठेचाळीस तासांची मुदत असते. आमच्या घरीं एक तासही लागला नाहीं. मग संस्थेंत भेट, लेखी स्वीकृति, ‘दत्तकपूर्व संगोपन’ म्हणून बाळाचें घरीं येणें आणि शेवटीं जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, असा क्रम असतो. २०२२ च्या सप्टेंबरपूर्वीं हा आदेश न्यायालय देत असे. पुढें दोन वर्षें दर सहा महिन्यांनीं बाळाच्या प्रगतीचा अहवाल केला जातो.

हें झालें कायद्याचें. पुढचें कोणत्याही नियमांत लिहिलेलें नाहीं. चौदा महिन्यांची माझी बहीण पहिल्या तीन रात्रीं अखंड रडली. आम्हांस वाटत होतें कीं, तिला घर मिळालें. तिला मात्र वाटत होतें कीं, आपलें घर गेलें. संस्थेंतील सांभाळणाऱ्या बाईंनीं तिचें जुनें दुपटें न धुतां बरोबर दिलें होतें. चौथ्या रात्रीं आजी उठली, त्या दुपट्यांत तिला गुंडाळून पहांटेपर्यंत मांडीवर घेऊन बसली. गोत्राचा विषय घरांत पुन्हां निघाला नाहीं.

दत्तक असल्याची गोष्ट मुलापासून लपवूं नये, कळूं लागल्यापासून ती सहजपणें सांगावी, असें जाणते लोक सांगतात. आमची बहीण आतां स्वतःच आजीकडे त्या दुपट्याची गोष्ट मागते. तेव्हां शाळासोबत्यांस एक विनंति आहे : ‘तुझे खरे आईबाप कोण?’ असें कोणासही विचारूं नका. ज्यांनीं वाट पाहिली, ते खरेच. आणि जिनें जड मनानें सोडलें, तीही खोटी नव्हे.