स्मरणचित्र आणि धानाची बांधी

चित्रकला हा विषय आपल्या शाळांत बहुधा वेळापत्रकाच्या काठावरच राहतो. त्याचे महत्त्व सांगताना आपण पालकांना गुणांचा हिशेब देतो: राज्य शासनाच्या रेखाकला परीक्षांमुळे दहावीला श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात. हा लाभ खराच आहे. परंतु कलाशिक्षणाचे मोल तेवढेच असेल, तर गुण पदरात पडताच मुलाने कुंचला कायमचा खाली ठेवण्यात वावगे ते काय?

या परीक्षांत वस्तुचित्र व संकल्पचित्र यांबरोबर स्मरणचित्र हाही एक विषय असतो. दिलेला प्रसंग मुलाने आठवणीतून, माणसांच्या आकृतींसह रेखाटावयाचा असतो. त्यासाठी आधी डोळसपणे पाहावे लागते. कारण जे नीट पाहिले नाही, ते आठवत नाही. परंतु पुष्कळदा मुले छापील चित्रे पाठ करतात आणि न पाहिलेला समुद्र व नारळाची झाडे कागदावर उतरवतात. तेथे स्मरण उरते, अनुभव हरवतो.

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्याचेच उदाहरण घेऊ. हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. पावसाळ्यात पाण्याने भरलेली बांधी, हातात पऱ्हे घेऊन रोवणी करणाऱ्या ओणव्या स्त्रिया, हे दृश्य येथील मुलाच्या घरचेच असते. शिक्षकाने विचारावे, "रोवणी करताना आईची पाठ कशी वाकते?" ते रेखाटू लागताच मुलाला आईचे कष्ट नव्याने दिसतात आणि आपले जगणे चित्रात यावे एवढ्या मोलाचे आहे, हेही उमगते. हीच कलेची खरी कमाई होय, असे आम्हांस वाटते.

या मातीला हे नवीन नाही. हा परिसर झाडीपट्टीत मोडतो. धान घरात आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, येथील गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेबद्दल गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली. परंतु अशा सन्मानाची आशा नसतानाही कित्येक कलावंत तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभे राहतात. कलेने त्यांच्या जगण्याला दिलेला अर्थ कोणत्याही गुणपत्रिकेत मावत नाही.

म्हणून मूल चित्र घेऊन घरी आले, की "किती गुण मिळाले?" या प्रश्नाआधी आपण त्याला विचारू या, "बाळा, तू काय पाहिलेस?"