वायूतील क्लोराइडची मोजदाद

विहिरीतून नैसर्गिक वायूबरोबर येणारे पाणी केवळ बाष्प थंडावून झालेले असेल, तर त्यात क्लोराइड जवळजवळ नसतेच. ते वाढू लागले, म्हणजे भूगर्भातील खारे पाणी वर येत असल्याची ती वर्दीच समजावी. हेच क्लोराइड वायुशोधक अमाइनच्या द्रावणात शिरले, की तापवूनही निघत नाही, साचत जाते आणि ताणाखालील उष्ण स्टेनलेस पोलादाला तडे पाडते. मोजणीस कार्ल फ्रीड्रिख मोर यांची १८५६ ची सिल्व्हर नायट्रेटची रीत अद्यापि उपयोगी पडते. परंतु वसईच्या समुद्रातील वायूसारखा वायू गंधकयुक्त असल्यास चांदीचा काळा साका बसून आकडा फुगतो, यास्तव नमुना प्रथम नायट्रिक आम्लाने उकळून, मग उदासीन करणे अगत्याचे, आणि ही पायरी वगळलेला कोणताही दाखला मी ग्राह्य मानणार नाही.