पुष्पिका आणि यांत्रिक सूचि

जुन्या पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. ग्रंथाचें नांव, कर्ता, लेखक, शक, तिथि व स्थळ इतक्या गोष्टी तींत सांपडल्या म्हणजे संशोधकाचें निम्में काम झालें असें आपण समजतों. सबंध पोथी न वाचतां तिची याद करतां येते ती या चार ओळींच्याच बळावर. अलीकडे विद्यापीठें आपले प्रबंध व हस्तलिखितांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवूं लागलीं असून त्यांची सूचि यंत्र आपोआप करितें. ही सूचि कशी होते व तींत पोथीसंग्राहकांचें कर्तव्य काय, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संकेतस्थळाच्या प्रत्येक पृष्ठास एक शिरोभाग असतो. तो वाचकास दिसत नाहीं, यंत्र मात्र वाचतें. तेथें ‘कर्ता : अमुक’, ‘दिनांक : अमुक’ अशा जोड्या लिहितां येतात. अशा जोडीस ‘मेटा टॅग’ व या सर्व माहितीस ‘मेटाडेटा’ म्हणतात. रकान्यांचीं नांवें ज्यानें त्यानें मनास येतील तीं ठेविलीं, तर एका ठिकाणची याद दुसऱ्या ठिकाणीं जुळणार नाहीं. यासाठीं १९९५ सालच्या मार्चमध्यें अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत डब्लिन गांवीं ग्रंथपाल व संगणकज्ञ यांची बैठक भरली, व तींतून ‘डब्लिन कोर’ ही पद्धति निघाली. तिचे मूळ रकाने १५ आहेत : शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, साहाय्यक, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ आधार, भाषा, संबंध, व्याप्ति व हक्क. २००३ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. आपल्या पुष्पिकेशीं ही यादी ताडून पाहावी. बरेच रकाने ओळखीचे निघतील.

पुढील काम यंत्राचें. तें नेमल्या वेळीं प्रत्येक संग्रहाकडे जाऊन ‘अमुक तारखेनंतर नवें काय आलें?’ असें विचारतें, मिळालेल्या नोंदी घेऊन येतें व प्रत्येक नांवापुढें तें कोणकोणत्या पृष्ठीं आहे याची यादी मांडतें. या देवघेवीचे नियम २००१ सालीं ठरले. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध जेथें एकत्र ठेविले जातात ती गांधीनगरची ‘शोधगंगा’ ज्या ‘डीस्पेस’ नामक साधनावर चालते, तें डब्लिन कोरच्याच धर्तीवर नोंदी ठेवितें.

पृष्ठावरील मजकूर टंकित असल्यास यंत्र त्यांतील शब्दही सूचींत घेतें. परंतु पोथीची प्रतिमा म्हणजे, कोणी तिचें वाचन करून दिलें नसेल तर, त्याच्या लेखीं केवळ चित्र. तिच्याविषयीं टॅग जें सांगेल तेंच खरें.

याचा प्रत्यय आम्हांस आला. गागाभट्टाच्या एका ग्रंथाची पोथी आम्ही एका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधली. कांहींच हातीं लागलें नाहीं. उपलब्ध प्रतींत तिची गणना न करतां आम्हीं एक टिपण छापावयास दिलें. पुढें सहज दुसरें कांहीं पाहतां तीच पोथी समोर आली. कर्त्याचें नांव ‘विश्वेश्वरभट्ट’ असें त्याचें मूळ नांव होतें, तें बरोबरच. पण ‘गागाभट्ट’ हें नांव कोठेंही नव्हतें. दिनांक छायाचित्र घेतल्याच्या वर्षाचा, आणि लिपि देवनागरी म्हणून संस्कृत ग्रंथाची भाषा ‘हिंदी’! टिपण आम्हांस परत घ्यावें लागलें. पोथी जागेवर होती. शोधणाऱ्यास मात्र ती नष्ट झाल्यासारखीच होती.

म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, नांव. एक रूप मुख्य ठरवून बाकीचीं पर्यायी म्हणून द्यावीं. ‘ज्ञानेश्वरी’ व ‘भावार्थदीपिका’ एकच हें आपणांस ठाऊक. यंत्रास तें सांगावें लागतें. दुसरी, काल. रचनेचा, प्रत उतरल्याचा व छायाचित्राचा काल वेगवेगळे लिहावे. शकाचा इसवी सन करतांना सरसकट ७८ मिळवूं नयेत. शके १५९६ चा ज्येष्ठ १६७४ त पडतो, पण त्याच शकाचा माघ १६७५ त. तिसरी, भाषा व लिपि यांची गल्लत करूं नये. मोडींतील दप्तराची भाषा मराठीच राहते.

खोटेपणाही येथें लपत नाहीं. लोकांनीं आपल्या पृष्ठांवर असंबद्ध शब्दांचे टॅग इतके भरले, कीं आपण पृष्ठांचा क्रम लावतांना ‘कीवर्ड्‌स’ टॅग विचारांत घेत नाहीं, असें गूगलनें २००९ सालीं जाहीर केलें. बनावट वंशावळींनीं खऱ्या वंशावळींचीही किंमत घालविली, त्यांतलाच हा प्रकार. विद्यापीठाची स्वतःची सूचि विश्वसनीय राहते ती नोंद करणारा जाणता व जबाबदार असतो तोंवरच.

तेव्हां ज्यांच्या संग्रहीं पोथ्या आहेत त्यांस आमची विनंति अशी कीं, छायाचित्रें घेऊं देतांना पुष्पिकेचें अक्षरशः वाचन व वरील रकान्यांची याद स्वतः लिहून सोबत द्यावी. यंत्र चालविणारा मनुष्य कुशल असेल, पण शके, संवत्सर व भट्टांचीं घराणीं त्यास कोणीं शिकविलीं? तें ज्ञान आपणांपाशीं आहे. तें पोथीबरोबर न दिल्यास यंत्र आपल्या प्रमादाची नक्कल ठिकठिकाणीं करील, व ती पुसून काढणें पुढें कोणाच्याच हातीं राहणार नाहीं.